आमचा जुना कॅमेरा

व्यवसायाची साधने माणसाला क्वचितच मोहात पाडतात. गेली दहा-अकरा वर्षे आम्ही खडू आणि फळा यांच्या संगतीत काढली. परंतु याहून सरस खडू बाजारात आला आहे की काय, या विवंचनेने आमची झोप कधी उडाली नाही. शाळेने दिलेल्या खडूने आम्ही शिकवतो, मुले शिकतात, वर्ष सरते. हौसेच्या साधनांची गोष्ट मात्र निराळी. तेथे हातातले साधन चोख काम करीत असले, तरी त्याच्याहून चांगले असे काहीतरी जगात आहे ही नुसती बातमीही मनाला टोचत राहते. पेटी वाजवणाऱ्याला दुसऱ्याच्या पेटीचे सूर गोड लागतात. गळ टाकून खाडीकाठी बसणाऱ्याला शेजाऱ्याची काठी अधिक लवचीक वाटते. आम्हांला फोटो काढण्याची हौस, म्हणून आमचे सारे दुखणे कॅमेऱ्याचे.

आमचा कॅमेरा कॅनन कंपनीचा, १२००डी या नावाचा. तो २०१४ साली बाजारात आला आणि नोकरीच्या पहिल्या वर्षीच्या पगारातून आम्ही तो घेतला. १ कोटी ८० लाख बिंदूंचे चित्र तो उमटवतो. जोडीला १८ ते ५५ मिलिमीटरचे, कॅमेऱ्याबरोबरच मिळालेले भिंग. नवशिक्यांसाठीचा म्हणून तो विकला जाई, आणि आम्ही नवशिकेच होतो. या जोडीच्या बळावर आम्ही शाळेची स्नेहसंमेलने टिपली, चुलत भावंडांची लग्ने टिपली, तेरेखोल नदीवर पहाटे उतरणारे धुके टिपले. वार्षिक अंकाचे पान सात इंच रुंद आणि नऊ इंच उंच धरले, तर उत्तम छपाईसाठी इंचाला ३०० या हिशोबाने त्यावर सुमारे ५७ लाख बिंदू पुरतात. म्हणजे आमच्या कॅमेऱ्याच्या पोटात अशी तीन पाने सहज मावतात. छपाईच्या बाजूने पाहिले तर तक्रारीला जागाच नाही.

तक्रार आहे ती दशावताराची. आमच्या पेडणे महालात कार्तिकापासून जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि सीमेपलीकडून, सिंधुदुर्गातून दशावतारी मंडळी येऊ लागतात. पालखी, पूजा उरकून खेळ उभा राहीपर्यंत मध्यरात्र होते. मृदंगावर थाप पडते, झांज वाजू लागते, आणि मग दहीकाल्यापर्यंत, म्हणजे पार उजाडेपर्यंत, देव-दानव एका बाकाच्या भोवती भांडत राहतात. हे सारे घडते मंडपातल्या चार नळीदिव्यांच्या उजेडात. डोळ्यांना तो पुरतो. कॅमेऱ्याला पुरत नाही. राजा तलवार घेऊन गिरकी मारतो, तेव्हा आमच्या फोटोत राजाचा मुकुट धुरासारखा आणि तलवार दुधाच्या धारेसारखी दिसते. मोहिनी मान वळवते, तर तिला दोन नाके येतात.

यातही आमचा जीव अडकला होता तो एका नटावर. मंडळीतले हे ज्येष्ठ गृहस्थ पासष्टी ओलांडलेले, आणि आजही स्त्रीपार्ट करणारे. दिवसा त्यांना पाहिले तर शेताच्या बांधावर बसलेला एक वाळका शेतकरी, एवढेच कोणी म्हणेल. रात्री तेच गृहस्थ नऊवारी नेसून, कपाळी कुंकू रेखून रंगमंचावर आले की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या पदर सावरून बसतात. दोन वर्षांपूर्वीच्या जत्रेत ते सहज म्हणाले होते, की आता गुडघे किती साथ देतात ते पाहायचे. वाक्य साधेच होते. परंतु ते ऐकल्यापासून कॅमेरा 'केव्हातरी' बदलू, हा आमचा निवांतपणा संपला. चांगला फोटो हवा असेल तर तो याच एक-दोन हंगामांत.

नेमक्या याच सुमारास पणजीतल्या एका दुकानात आम्ही एक नवा कॅमेरा हाताळला. त्यात आरसा नाही. दृश्य आतल्या लहानशा पडद्यावरच दिसते. माणसाचा डोळा कोठे आहे हे तो आपले आपण ओळखतो आणि माणूस हलला तरी त्या डोळ्यावरची नजर काढीत नाही. चित्र टिपणारा त्याचा संवेदक ३६ बाय २४ मिलिमीटरचा, आमच्या कॅमेऱ्याच्या संवेदकाहून कितीतरी मोठा. भिंगासह किंमत पावणेदोन लाखांच्या घरात. दुकानदाराने तो आमच्या हातात ठेवला, आम्ही काउंटरवरच्या काचेच्या गणपतीवर तो रोखला, आणि खरे सांगायचे तर त्या दुपारी परतीच्या बसमध्ये आम्ही दुसरा कसलाही विचार केला नाही.

पैसे नव्हते असे नाही. थोडे-थोडे करून साधारण तेवढी रक्कम पोस्टात साठली होती. पण त्याच रकमेवर दुसऱ्याही कोणाचा हक्क होता, आणि तो म्हणजे आमच्या घराच्या छपराचा. घर जुने, मंगळुरी कौलांचे. माजघरावरच्या दोन वाशांना वाळवी लागली होती आणि पावसाळ्यात देवघराच्या दाराशी एक टोप मांडून ठेवावा लागे. आईने आमच्या हौसेला कधी विरोध केला नाही. नव्या कॅमेऱ्याची हकिकत तिने नीट ऐकून घेतली, गणपतीचा फोटोही मोबाइलवर पाहिला, आणि एवढेच म्हणाली, "पयलीं नळे घाल पुता, मागीर तुका जाय तें घे." मागीर म्हणजे पुढचा हंगाम, किंवा त्याच्या पुढचा. तोवर गुडघ्यांनी वाट पाहिली पाहिजे.

आमचे विद्यार्थी याबाबतीत फार व्यवहारी. "सर, मोबाइलने रात्रीचाही फोटो लखलखीत येतो, मग ही जड पेटी कशाला?" असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. मोबाइल रात्री एकामागून एक बरेच फोटो घेतो आणि ते एकमेकांवर बसवून एक उजळ चित्र तयार करतो. देवळाची दीपमाळ, रांगेने लावलेल्या पणत्या, स्तब्ध बसलेली आजी यांच्यासाठी ही युक्ती नामी आहे. परंतु दशावतारातला राक्षस एका जागी थांबत नाही. आणि जे थांबत नाही ते एकमेकांवर बसत नाही. नववीतल्या एका मुलाने गेल्या जत्रेत हा प्रयोग करून पाहिला, तेव्हा त्याच्या मोबाइलमध्ये राक्षसाला सहा हात उगवले होते. राक्षसाला ते शोभूनही दिसत होते, हा भाग वेगळा.

वडीलधाऱ्या स्नेह्यांनी दुसरा उपदेश केला. थोर छायाचित्रकारांनी साध्यासुध्या कॅमेऱ्यांवर अजरामर चित्रे काढली, तेव्हा साधनाच्या मागे काय लागायचे, असा त्यांचा सूर. हे ऐकायला गोड आहे. पण इतिहास शिकवणाऱ्या माणसाला ते पटणे कठीण. ऑस्कर बर्नाक याने सिनेमाच्या फितीवरची चौकट दुप्पट करून २४ बाय ३६ मिलिमीटरची केली, आणि त्या मापाचा लायका कॅमेरा १९२५ साली विक्रीस आला. आज पूर्ण चौकटीचा म्हणून ज्या संवेदकाची आम्हांला भूल पडते, त्याचे माप तेच, शंभर वर्षांपूर्वीचे. फ्रान्सच्या आंरी कार्तिए-ब्रेसाँ याने १९३२च्या सुमारास लायका हाती घेतला, तेव्हा ते त्या काळातले अगदी नवे आणि उंची साधन होते. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला, ज्यांनी उत्तरायुष्य वडोदऱ्यात घालवले आणि २०१२ साली तेथेच देह ठेवला, त्यांच्या हाती स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्स असत. त्या काळच्या वृत्तपत्रांतल्या छायाचित्रकारांचे हे नावाजलेले कॅमेरे. थोरांनी टाकाऊ साधने वापरली, ही समजूत आपण आपल्या काटकसरीच्या समाधानासाठी करून घेतली आहे. स्पीड ग्राफिकच्या एका पट्टीत फिल्मचे दोनच ताव मावत, एक या अंगाला आणि एक त्या अंगाला. दर फोटोनंतर पट्टी काढायची, उलटायची किंवा दुसरी घालायची. साधन उत्तम होते, आणि तरीही त्याची एक हद्द होती. व्यारावालांना ती हद्द ठाऊक होती, म्हणून केव्हा बटण दाबायचे नाही हेही त्यांना ठाऊक होते.

मग आम्ही ठरवले की आपल्याही साधनाची हद्द नेमकी कोठे आहे ते पाहावे. उत्तरपत्रिका तपासणे हा आमचा रोजचा धंदा. एका रविवारी आम्ही मागल्या हंगामातले दशावताराचे नापास फोटो संगणकावर उघडले आणि शंभर पानी वहीत प्रत्येकापुढे नापास होण्याचे कारण लिहीत गेलो. फोटो निघाले १६०. त्यांतल्या ५१ फोटोंत मंडपाचा खांब, नाहीतर पुढच्या प्रेक्षकाचे डोके आडवे आले होते. ३७ फोटोंत नटाच्या पाठीमागे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची चळत, विजेच्या वायरी, एकदा तर चहाची किटली. २८ फोटोंत नटाने ऐन वेळी पाठ फिरवलेली किंवा वीज गेलेली. अंधारामुळे हलून बिघडलेले फोटो राहिले ४४. म्हणजे पावणेदोन लाखांचा कॅमेरा आणला तरी खांब खांबाच्या जागीच राहणार, आणि खुर्च्याही. खटला होता तो फक्त त्या ४४ फोटोंचा.

आता त्या ४४ फोटोंचा हिशोब. हे आकडे शाळेत शिकवलेल्या गणिताच्या पलीकडचे नाहीत, म्हणून देण्यास हरकत नाही. मंडपातल्या उजेडात, आय.एस.ओ. ३२०० ठेवून, आमच्या भिंगाने ५० मिलिमीटरला बटण दाबले तर पडदा १/१५ सेकंद उघडा राहतो. तेवढ्या वेळात राजाची गिरकी बरीच पुढे सरकते. गिरकी गोठवायची तर १/१२५ तरी हवे, म्हणजे आठपट उजेड हवा. तो आणायचा कोठून? मोठ्या संवेदकाचे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर, आमच्याचे, २२.३ बाय १४.९ या मापाने, सुमारे ३३२. गुणोत्तर २.६ पट. नवा संवेदक आणखी कुशल असतो हे खरे, परंतु केवळ आकाराने मिळणारी बढती एवढीच. आता भिंगाकडे पाहू. आमच्या जोडभिंगाचे तोंड ५० मिलिमीटरला एफ/५.६ पेक्षा अधिक उघडत नाही. याच कंपनीचे ५० मिलिमीटरचे एक साधे भिंग २०१५ पासून मिळते. वजन जेमतेम १६० ग्रॅम, आणि तोंड एफ/१.८ पर्यंत उघडते. ५.६ला १.८ने भागून वर्ग केला तर उत्तर साडेनऊपेक्षा थोडे जास्त येते. साडेनऊ पट उजेड! १/१५ सेकंदाचे काम १/१४० च्या आसपास होते, तेही जुन्याच कॅमेऱ्यावर. आणि अशा भिंगाची किंमत नव्या कॅमेऱ्याच्या दशांशाहूनही कमी.

हे गणित वहीत मांडून झाल्यावर आम्ही बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिलो. आनंद झाला आणि थोडी निराशाही झाली. मनाला नवा कॅमेरा हवा होता, आणि वही तर तो नको म्हणत होती.

फुकट मात्र काहीच मिळत नाही. भिंगाचे तोंड जितके मोठे उघडावे तितकी स्पष्टतेची पट्टी अरुंद होते. पाच मीटरांवरच्या नटावर रोख धरला, तर एफ/५.६ ला मागेपुढे मिळून सात फुटांचा टापू स्पष्ट येतो; एफ/१.८ ला तो दोन-सव्वादोन फुटांवर येतो. राजा स्पष्ट आला की त्याच्या मागे उभा असलेला प्रधान धुक्यात जातो. शिवाय हे भिंग लांब-जवळ होत नाही. आपणच पायांनी पुढे-मागे सरायचे. आमच्या लहान संवेदकावर ते १.६ पटींनी अरुंद दृश्य दाखवते, म्हणजे सारा रंगमंच एका चौकटीत धरायचा तर मंडपाबाहेर, चण्याफुटाण्यांच्या गाड्यापाशी जाऊन उभे राहावे लागेल. एकेक चेहरा टिपायचा असेल तर मात्र हीच अरुंदी सोयीची.

गोव्यातल्या माणसाने भिंगे वाढवताना आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो, आणि तो म्हणजे पावसाळा. जून ते सप्टेंबर आमच्या घरात चपलांना बुरशी येते, वह्यांना येते, तशी ती भिंगाच्या काचेलाही येते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू आतल्या काचेवर पसरतात आणि एकदा मुळावले की पुसून जात नाहीत. आमची सारी सामग्री रबरी झाकणाच्या हवाबंद डब्यात राहते. आत सिलिका जेलची पुरचुंडी. हे खडे कोरडे असताना निळे असतात, दमट झाले की गुलाबी पडतात. मग तापवून पुन्हा निळे करायचे. (आईच्या पोळ्यांच्या तव्यावर नव्हे. त्यांचा निळा रंग कोबाल्टचा असतो आणि तो पोटात जाणे बरे नाही, असे आमच्या विज्ञानाच्या सहशिक्षकांनी बजावले आहे. आम्ही त्यासाठी एक जुने पत्र्याचे ताट वेगळे ठेवले आहे.) डब्यात जागा दोन भिंगांचीच आहे, हीदेखील एक मर्यादाच, कदाचित आमच्या पगाराहून अधिक उपयोगी पडणारी.

भिंग मिळाले ते म्हापशाला, एका ओळखीच्या हौशी गृहस्थांकडे. गंमत अशी की ते स्वतः आरसारहित नवा कॅमेरा घेऊन बसले होते आणि जुने सारे विकून टाकीत होते. आम्ही विजेरीचा झोत भिंगातून पलीकडे सोडून काच न्याहाळली. तंतू नव्हते, दोन-तीन धुळीचे कण होते, त्यांचे काही बिघडत नाही. गृहस्थ हसून म्हणाले, "मास्तर, उद्या तुम्हीही नवा कॅमेरा घेतला तर हे भिंग पत्करिका लावून त्याच्यावर बसेल." हे खरे आहे. या जातीच्या भिंगांची खाच १९८७ पासून तीच आहे, आणि नव्या कॅमेऱ्यांना ती जोडणारे कडे कंपनीने २०१८ पासून विकायला ठेवले आहे. घेतलेले भिंग वाया जाणार नाही, ही खात्री पटल्यावर आम्ही पैसे मोजले. उरलेली रक्कम मे महिन्यात सुतार आणि कौलांकडे गेली. मृगाचा पहिला पाऊस रात्री दोन वाजता आला, तेव्हा आई उठून देवघराच्या दारापर्यंत गेली, अंधारात थोडा वेळ कान देऊन उभी राहिली, आणि परत येऊन झोपली. टोप त्या वर्षी स्वयंपाकघरातच राहिला.

कार्तिकात जत्रा सुरू झाल्या. वहीतली बाकीची कारणे आमच्या हातातली होती, म्हणून आम्ही खेळाच्या आधी संध्याकाळीच मंडपात जाऊन खांबांपासून दूर, डाव्या अंगाची जागा धरून ठेवू लागलो. आणि एक नवी गोष्ट उमगली. मध्यरात्रीपूर्वीचे दोन तास मंडपामागच्या पडवीत ही नटमंडळी आपापला रंग आपणच लावीत बसलेली असतात. पेटाऱ्याच्या झाकणाला टेकवलेला आरसा, वर एकच पिवळा दिवा, आणि आरशात पाहणारा माणूस. तो हलत नाही. नव्या भिंगाला तो उजेड भरपूर झाला. आम्ही परवानगी विचारून कोपऱ्यात बसलो. आमच्या ज्येष्ठ नटांनी आधी दाढी केली, मग तोंडाला रंग फासला, मग भुवया कोरल्या. आणि कुंकवाची काडी कपाळाजवळ नेताना एक क्षण थांबले. बोटांची कातडी शेतकऱ्याची, आरशातला चेहरा राणीचा. ते दोन्ही एका चौकटीत आले. स्पष्टता आरशातल्या डोळ्यांवर आहे. हात किंचित धूसर आहे, आणि तो तसाच बरा दिसतो.

रंगमंचावरचेही काही फोटो जमले. राजाच्या तलवारीला आता धार आहे. जेथे राजा आणि प्रधान दोघेही हवे तेथे आम्ही भिंग एफ/२.८ वर ठेवले आणि संवाद म्हणायला दोघे थांबण्याची वाट पाहिली. दशावतारात संवाद लांब असतात, त्यामुळे वाट फार पाहावी लागत नाही. गिरकीतला प्रधान अजून आमच्या हाती लागलेला नाही. त्याला नवा कॅमेराच लागेल, असे वही म्हणते, आणि तिच्यावर आमचा आता विश्वास बसला आहे.

आरशातल्या राणीची दहा बाय आठ इंचांची प्रत आम्ही छापून घेतली आणि पौषात त्यांच्या गावी जाऊन त्यांना दिली. घरात त्यांचे बायकोबरोबरचे लग्नातले चित्र होते, मुलांची होती. रंग लावलेले एकही नव्हते. त्यांनी ते हातात धरून ओटीवरच्या उजेडात नेले, सुनेला हाक मारून दाखवले, आणि मग आमच्याकडे वळून म्हणाले, "मास्तरांनु, ह्यो बरो इलो. फुडल्या वर्सा मी संकासुर करतलंय, तो पण काढूक होयो." तरुणपणी मंडळीत शिरले तेव्हा पहिले सोंग त्यांनी संकासुराचेच घेतले होते, असे सुनेने सांगितले, गुडघ्यांची भाषा त्यांनी त्या दिवशी काढली नाही.

संकासुराचा झगा काळा, तोंडावरचा बुरखा काळा, आणि मागे मध्यरात्र. एफ/१.८ लाही हे जड जाणार. मंडपाच्या उजव्या वाशाला एक जादा दिवा टांगू देतील का, हे देवस्थानच्या मंडळींना विचारायला कार्तिकाच्या आधी एकदा जाऊन यावे लागेल.